तालमींतला फुटबॉल

“चेंडूमागें धांवून का कोणाचें पोट भरतें?” हा प्रश्न आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या विचारला जात आला आहे. मुलगा तिन्हीसांजेस घोट्यापर्यंत चिखल माखून घरीं येतो. आजी त्यास पडवींतच अडवून पाय धुवावयास लावते. वडील गणिताच्या वहीची चौकशी करतात. आणि काका, जे तरुणपणीं स्वतः याच अपराधाचे धनी होते, ते वर्तमानपत्राआड हंसतात. प्रश्न खोटा आहे असें नाहीं. चेंडूमागें धांवणाऱ्या हजारांत एखाद्याचेंच पोट त्यावर भरतें. तथापि तो अपुरा आहे खरा. खेळाडूच्या पोटाची चिंता करतांना, ज्या गांवांत तो खेळतो त्या गांवाच्या पदरांत त्या खेळापासून काय पडतें, हें पाहावयाचें आपण विसरतों. प्रस्तुत लेखांत या दुसऱ्या प्रश्नाचाच थोडा विचार करावयाचा आहे. त्यासाठीं दूर जावयास नको. महाराष्ट्रांतच कोल्हापूरचें उत्तम उदाहरण आपणांसमोर आहे. मात्र तेथें जाण्यापूर्वीं या खेळाचें मूळ कोठलें व त्याच्या जन्मभूमींत लहान गांवांनीं तो कसा सांभाळला, हें पाहणें उपयुक्त होईल.

आज आपण ज्या नियमांनीं फुटबॉल ओळखतों ते नियम १८६३ सालीं लंडन येथें स्थापन झालेल्या फुटबॉल असोसिएशननें बांधून दिले. परंतु क्लब ही संस्था त्याहूनही जुनी. शेफील्ड या पोलादाच्या कारखान्यांच्या शहरांत १८५७ सालीं स्थापन झालेला क्लब आजही नांदता आहे. नवलाची गोष्ट अशी कीं, जगांतील हा सर्वांत जुना फुटबॉल क्लब इंग्लंडच्या नामांकित क्लबांत मोडत नाहीं. तिकडे वरच्या चार श्रेणींत मिळून ९२ क्लब असतात. त्यांच्या खालीं, घाटाच्या पायऱ्या उतरत जाव्यात त्याप्रमाणें, लहान गांवांचे शेंकडों क्लब आहेत. शेफील्डचा हा मूळपुरुष या खालच्या पायऱ्यांवरच खेळत असतो. अशा क्लबांचे बहुतेक खेळाडू आठवडाभर आपापला कामधंदा करतात आणि शनिवारीं दुपारीं गांवाच्या रंगाचा सदरा अंगांत चढवितात. दारावर तिकिटें देणारा, मैदानावर पांढऱ्या रेषा ओढणारा, मध्यंतरांत चहा करून देणारी, हीं सारीं गांवचींच माणसें. आणि त्यांतील पुष्कळांस या कामाबद्दल एक पैही मिळत नाहीं.

हिंदुस्थानांत हा खेळ रुजविला तो मुख्यत्वें गोऱ्या पलटणींनीं. सिमल्यास १८८८ सालीं ड्युरँड चषकाची आणि मुंबईस १८९१ सालीं रोव्हर्स चषकाची स्पर्धा सुरू झाली. कलकत्त्याच्या लोकांनीं १८८९ सालीं मोहन बागान क्लब काढला आणि २९ जुलै १९११ रोजीं त्या क्लबानें ईस्ट यॉर्कशायर पलटणीचा २–१ असा पराभव करून आय. एफ. ए. ढाल जिंकली. त्या अकरा वीरांपैकीं दहाजण अनवाणी खेळले होते! मुंबईचा रोव्हर्स चषक मात्र हिंदी लोकांच्या हातीं यावयास १९३७ साल उजाडावें लागलें. त्या वर्षीं बंगलोर मुस्लिम्स या संघानें तो जिंकला. या सर्व कथा मोठ्या शहरांच्या आहेत. आपणांस पाहावयाचें आहे तें निराळें: एका मराठी गांवानें हा परका खेळ आपल्या घरांत कसा घेतला?

कोल्हापुरास राजर्षि शाहू महाराज १८९४ सालीं गादीवर आले. मल्लविद्येस त्यांनीं दिलेला आश्रय सर्वश्रुत आहे; १९१२ सालीं तयार झालेलें खासबाग मैदान त्याची साक्ष देत आजही उभें आहे. त्या काळापासून कोल्हापुरांत पेठेपेठेस तालीम आहे. आंत तांबड्या मातीचा हौद, कोनाड्यांत मारुतीची मूर्ति, भिंतीशीं टेकून ठेवलेले मुद्गल आणि बाहेर ओट्यावर बसलेलीं वडीलधारीं माणसें, असें तिचें स्वरूप आहे. तालीम म्हणजे केवळ व्यायामशाळा नव्हे. गणपति तिचाच, पेठेंतील तंटाबखेडा मिटविण्याचा ओटा तिचाच, आणि पेठेंत कोणाकडे कार्य निघालें अथवा कोणावर संकट आलें तर धांवून जाणारीं पोरेंही तिचींच. फुटबॉल कोल्हापुरांत आला तेव्हां त्याला नवें घर शोधावें लागलें नाहीं. तो सरळ तालमींत उतरला आणि तेथलाच झाला.

आज कोल्हापूरच्या संघांचीं नांवें वाचलीं तरी ही गोष्ट ध्यानांत येते. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ! इंग्रजी वळणाचें नांव धारण करणारा प्रॅक्टिस क्लब एखादाच. ज्या खेळाचे नियम लंडनांत लिहिले गेले तो खेळणारा संघ आपलें नांव खंडोबावरून घेतो, यांत कोल्हापुरास कांहींच विलक्षण वाटत नाहीं. संघटना करण्याच्या कामींही हें शहर मागें राहिलें नाहीं. १९४० सालीं, म्हणजे छत्रपति राजाराम महाराजांच्या कारकीर्दीच्या अखेरच्या वर्षीं, कोल्हापूर स्पोर्ट्‌स असोसिएशन स्थापन झाली. शहरांतील स्पर्धांचा कारभार आजही तीच पाहते आणि मुख्य सामने राजर्षि शाहू स्टेडियमवर होतात.

दिवाळी सरली म्हणजे कोल्हापुरांत फुटबॉलचे वेध लागतात, ते उन्हाळा चांगला तापेपर्यंत सुटत नाहींत. शिवाजी पेठ आणि मंगळवार पेठ या दोन शेजारणींचें वैर तर पुराणप्रसिद्धच म्हणावें लागेल. शिवाजी तरुण मंडळ आणि पाटाकडील तालीम यांची गांठ पडली म्हणजे दुकानदाराचें लक्ष गिऱ्हाइकावर राहत नाहीं. म्हातारे आजोबा नातवाच्या खांद्यावर हात ठेवून मैदानाच्या पायऱ्या चढतात. जिंकणाऱ्यांचा गुलाल आणि हलगी रात्रीपर्यंत पेठेंत घुमत राहते. विश्वचषकाच्या दिवसांत याच गल्ल्यांवर ब्राझील आणि अर्जेंटिना यांचीं निशाणें फडकूं लागतात. पण तें प्रेम चार वर्षांतून एकदांचें. पेठेच्या संघाचें प्रेम बारमाही असतें.

या प्रेमाचें मर्म कशांत आहे? आमच्या मतें तें दोन गोष्टींत आहे. पहिली अशी कीं, संघांतील मुलगा प्रेक्षकास परका नसतो. ज्यानें चेंडू जाळ्यांत धाडला तो सकाळीं दूध आणतांना भेटलेला असतो. त्याची आई मंडईंत ओळखीची असते. त्याचे वडील, क्वचित् आजोबाही, याच रंगाच्या सदऱ्यांत खेळलेले असतात. त्याचा विजय तो आपला विजय, हें येथें अलंकारिक बोलणें नसून सरळ हिशेबाची गोष्ट आहे; कारण त्याच्या बुटांच्या वर्गणींत आपलेही चार रुपये पडलेले असतात. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. संघ हरला म्हणून तालीम बंद होत नाहीं. चषक न मिळाला तरी गणपति बसावयाचाच आणि मारुतीची जयंती व्हावयाचीच. केवळ विजयावर उभी राहिलेली संस्था पहिल्या पराभवानें खचते. शेजारधर्मावर उभी राहिलेली संस्था तो पचवूं शकते. २०१९ च्या महापुरांत पंचगंगेचें पाणी शहरांत शिरलें तेव्हां कोल्हापूरच्या तालमी व तरुण मंडळें अडलेल्यांच्या साहाय्यास धांवलीं. एरव्हीं एकमेकांविरुद्ध आरोळ्या ठोकणारे हात तेव्हां एका कामास लागले.

येथें मुंबईच्या एका जुन्या प्रयोगाचें स्मरण होतें. मुंबईस एके काळीं क्रिकेटचे सामने धर्माधर्मांत होत असत. यूरोपियन व पारशी यांच्या सामन्यांपासून सुरुवात झाली. १९०७ सालीं हिंदु आणि १९१२ सालीं मुसलमान संघ त्यांत आले. १९३७ सालीं उरलेल्या सर्वांचा पांचवा संघ झाला. खेळ उत्कृष्ट होई, गर्दी अलोट लोटे. परंतु संघाची वांटणीच जन्मावर झालेली असल्यामुळें प्रत्येक सामन्यास निराळाच रंग चढे. १९४० सालीं महात्मा गांधींनीं या पद्धतीबद्दल नापसंती व्यक्त केली आणि १९४६ सालीं त्या स्पर्धा बंद पडल्या. कोल्हापूरची पेठवार वांटणी मात्र अद्याप टिकून आहे. पेठेंत राहावयास येणाऱ्यास पेठ आपलीशी करतां येते. जन्मानें मिळालेलें कुंपण कोणास ओलांडतां येत नाहीं. लहान गांवाचा संघ काढूं इच्छिणाऱ्यांनीं हा भेद मनांत धरून ठेवण्याजोगा आहे.

संघ गांवाचा असला म्हणजे गांव त्यासाठीं काय करतें, याची एक सत्यकथा इंग्लंडांतील आहे. तिचा आपल्या चहाशींही संबंध आहे, म्हणून ती घरांतील सर्वांस वाचून दाखवावी. सिलोनांत चहाचे मळे घेऊन ज्यानें अमाप पैसा मिळविला त्या सर टॉमस लिप्टननें इटलींतील ट्यूरिन शहरीं होणाऱ्या फुटबॉल स्पर्धेसाठीं चांदीचा एक भव्य चषक दिला. १९०९ सालीं तेथें इंग्लंडतर्फें गेला तो कोणी बडा क्लब नव्हे, तर डरहॅम परगण्यांतील वेस्ट ऑकलंड नांवाच्या खेड्याचा, कोळशाच्या खाणींत राबणाऱ्या मजुरांचा संघ! हाच संघ कां गेला याविषयीं अनेक आख्यायिका आहेत. गेला तो मात्र जिंकून आला. अंतिम सामन्यांत त्यानें विंटरथूर या स्विस संघास २–० असें हरविलें. १९११ सालीं तो पुन्हां गेला आणि यजमान देशाच्या युव्हेंतुस संघाचा त्यानें ६–१ असा फडशा पाडला. लागोपाठ दोनदां जिंकल्यामुळें चषक कायमचा त्या खेड्याचा झाला.

पुढील भाग मोठा हृदयस्पर्शी आहे. प्रवासखर्चानें क्लब कर्जांत बुडाला आणि तो मौल्यवान चषक गांवच्या खानावळीच्या मालकिणीकडे ४० पौंडांस गहाण पडला. क्लब मोडला, पुन्हां उभा राहिला, दोन महायुद्धें होऊन गेलीं, चषक गहाणच. अखेर १९६० सालीं गांवकऱ्यांनीं १०० पौंड देऊन तो सोडवून आणला. १९९४ सालीं तो चोरीस गेला व पुन्हां मिळाला नाहीं. आज गांवांत आहे ती त्याची हुबेहुब प्रतिकृति. चांदी गेली, पण क्लब राहिला. खाणीही बंद पडल्या, पण क्लब राहिला. इतका कीं, २०१२ व २०१४ सालीं लहान क्लबांच्या राष्ट्रीय स्पर्धेचा अंतिम सामना खेळण्यास तो लंडनच्या वेंब्ली मैदानावर गेला. दोन्ही वेळां हरला. तरीही ज्यांनीं आजोबांकडून ट्यूरिनची गोष्ट ऐकली होती त्या नातवंडांना त्या पराभवानें आपल्या गांवाचें नांव सांगावयास लाज वाटली असेल, असें आम्हांस वाटत नाहीं.

आतां नाण्याची दुसरी बाजू न सांगणें अप्रामाणिकपणाचें होईल. ज्या जिव्हाळ्यानें पेठ संघामागें उभी राहते त्याच जिव्हाळ्याचा अतिरेक झाला म्हणजे दगड उचलला जातो. कोल्हापुरांत सामन्यांतून हुल्लड आणि मारामाऱ्या झाल्या आहेत. पोलिसांस मध्यें पडावें लागलें आहे. स्पर्धा थांबवाव्या लागल्या आहेत. ज्या घरांत असा प्रसंग एकदां अनुभवास आला, तेथील आई मुलास पुन्हां मैदानावर धाडतांना दहा वेळां विचार करते. तिला दोष कोण देईल? तालमीच्या ओट्यावर बसणाऱ्या वडीलधाऱ्यांचा शब्द जोंवर चालतो तोंवर संघ पेठेचा असतो. तो चालेनासा झाला म्हणजे संघ झुंडीचा होतो. खेळाच्या नियमांचें पुस्तक लंडनहून आणतां येतें. ही जरब मात्र घरचीच लागते.

दुसरें संकट पैशाचें. अलीकडील वर्षांत कोल्हापूरच्या कांहीं संघांनीं मोबदला देऊन आफ्रिकी खेळाडू आणले. खेळाचा दर्जा वाढला हें खरें; पण पेठेंतील पोराची जागा गेली, अशी तक्रारही त्याबरोबर आली. हा वाद नवा नाहीं. इंग्लंडांत हौशी व धंदेवाईक खेळाडू हा भेद जवळजवळ शंभर वर्षें पाळला गेला आणि शेवटीं १९७४ सालीं कागदावरून पुसून टाकावा लागला, कारण तो व्यवहारांत केव्हांच पुसला गेला होता. पैसा नको असें कोणी शहाणा म्हणणार नाहीं. मात्र बाहेरचा एक खेळाडू आणतांना गांवांतील दहा मुलांच्या शिक्षणाची तजवीज त्याच हिशेबांत झाली आहे कीं नाहीं, हें चालकांनीं पाहिलेंच पाहिजे. कोल्हापूरच्या मातींत वाढलेला अनिकेत जाधव २०१७ सालीं भारतांत भरलेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकांत देशातर्फें खेळला. असा एक मुलगा मोठ्या मैदानावर दिसतो तेव्हां त्याच्या मागें चिखलांत खेळून गेलेल्या कित्येक अनाम मुलांचे श्रम असतात.

आणि मुलींचें काय? आमच्या भगिनी हा प्रश्न विचारतील व तो योग्यच आहे. येथें इंग्लंडनें आपणांस धडा द्यावा असें कांहीं केलेलें नाहीं. १९२१ सालीं तेथील फुटबॉल असोसिएशननें आपल्या क्लबांच्या मैदानांवर स्त्रियांच्या सामन्यांस बंदी केली, ती तब्बल पन्नास वर्षांनीं, १९७१ सालीं, उठली. तालीमही दीर्घकाळ पुरुषांचीच राहिली. आतां जो नवा संघ काढील त्यानें ही चूक वारशानें घेण्याचें कारण नाहीं. पहिल्या दिवसापासून मैदानाचे दोन दिवस मुलींचे ठेवले तर पुढें कोणास चळवळ करावी लागणार नाहीं.

कोल्हापूर हें कांहीं झालें तरी राजधानीचें शहर, आमच्यासारख्या तालुक्याच्या गांवास हें कसें साधावें, अशी शंका येईल. त्यास उत्तर कोल्हापूर जिल्ह्यांतच आहे. हिरण्यकेशीच्या कांठचें गडहिंग्लज हें तालुक्याचेंच गांव. पण दिवाळीच्या सुट्टींत तेथील एम. आर. हायस्कूलच्या मैदानावर होणाऱ्या फुटबॉल स्पर्धेस परप्रांतांतील संघ येतात. तेथें ना राजवाडा, ना मोठें क्रीडागार. शाळेचें मैदान आणि तें राखणारीं माणसें, एवढेंच भांडवल.

प्रस्तुत लेखकाच्या मनांत हे विचार येतात ते बीड जिल्ह्यांतील आष्टी या आपल्या गांवाकडे पाहतांना. आष्टी एके काळीं निजामाच्या राज्यांत होती. त्याच राज्याच्या राजधानींत सय्यद अब्दुल रहीम नांवाचा एक शाळामास्तर होऊन गेला. त्यानें शिकविलेल्या हैदराबाद पोलिसांच्या संघानें १९५० पासून १९५४ पर्यंत लागोपाठ पांच वर्षें मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकला, आणि त्याच्याच शिकवणीखालीं भारतानें १९५१ व १९६२ सालीं आशियाई स्पर्धांत फुटबॉलचें सुवर्णपदक मिळविलें. एका शिक्षकाच्या हातून काय घडूं शकतें याचें याहून मोठें उदाहरण कशास शोधावें?

आष्टीची अडचण निराळी आहे. हा तालुका अवर्षणाचा. दिवाळी झाली म्हणजे कोल्हापुरांत मैदानें भरूं लागतात. आणि त्याच सुमारास आमच्या जिल्ह्यांतील हजारों कुटुंबें बैलगाड्या नि ट्रकांतून ऊसतोडीसाठीं घरें सोडतात. त्यांतील कित्येक त्याच कृष्णा-पंचगंगेच्या कांठीं जातात. मुलें आईबापांबरोबर जातात, नाहीं तर म्हाताऱ्यांपाशीं राहतात. ज्यांची स्थिति बरी तीं घरें मुलांस शिक्षणासाठीं नगरास किंवा पुण्यास धाडतात. २०२२ च्या सप्टेंबरांत नगराहून आष्टीपर्यंत आगगाडी आली; तिनें जाणें सोपें केलें. परत येण्याचें कारण मात्र आगगाडी पुरवूं शकत नाहीं. तें गांवानेंच निर्माण करावयाचें असतें. फुटबॉलचा एक संघ ऊसतोड थांबवील किंवा पाऊस पाडील, असें म्हणण्याइतके आम्ही भोळे नाहीं. परंतु मागें राहिलेल्या मुलास सायंकाळीं जावयास एक जागा असावी, तेथें त्याचें नांव कोणीतरी वहींत लिहावें, तो चार दिवस आला नाहीं तर त्याच्या घरीं जाऊन कोणी चौकशी करावी, हें कांहीं अल्प नव्हे. पेठेंतली तालीम हेंच करीत आली आहे. आणि फुटबॉलला लागतें काय, तर एक चेंडू, सपाट जागा आणि दोन्ही टोकांस दोन दोन बांबू. दहा मुलांस जेवढा खर्च तेवढाच बावीस मुलांस.

म्हणून ज्यांच्या घरीं सेवानिवृत्त शिक्षक आहेत, ज्यांस हिशेब चोख ठेवतां येतो, ज्यांचा शब्द गल्लींत चालतो, अशांस आमची विनंती आहे. चषकाचा विचार प्रारंभीं करूं नये. आधीं शाळेच्या संमतीनें मैदान राखावें. मग नांवांची वही घालावी, आणि त्या वहींत ऊसतोडीस गेलेल्या मुलांचीं नांवें न खोडतां तशींच ठेवावीं, म्हणजे पाडव्याच्या सुमारास तीं परततील तेव्हां त्यांची जागा राखलेली असेल. सामने उन्हाळ्याच्या सुट्टींत ठेवावे, तेव्हां नगर-पुण्यास शिकणारीं मुलेंही घरीं असतात. एवढें झालें म्हणजे संघ झाला. सदऱ्याचा रंग कोणता असावा, तें मुलें आपापसांत भांडून ठरवितीलच.